टॉम जॉन्स्टन : स्कॉटलंडच्या एका मंत्र्याची कारकीर्द

१९४१ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत लंडनमध्यें एक मोठी मजेदार मुलाखत झाली. महायुद्ध ऐन भरांत होतें. अशा वेळीं मुख्य प्रधान विन्स्टन चर्चिल यांनीं मजूरपक्षाच्या एका जुन्या सभासदाला बोलावून आणून स्कॉटलंडमंत्र्याचें पद पत्करण्याची गळ घातली. या सभासदाचें वय साठीला टेकलें होतें. राजकारणांतून अंग काढून घ्यावें आणि इतिहासाचीं पुस्तकें लिहीत उरलेले दिवस सुखानें काढावे, असा त्यांचा बेत होता व तो त्यांनीं स्पष्टपणें बोलूनहि दाखविला. इतिहास लिहिण्याचें काय घेऊन बसलांत, येथें येऊन तो घडविण्यास हातभार लावा, अशा अर्थाचें उत्तर चर्चिल यांनीं दिलें. तेव्हां या गृहस्थांनीं आपल्या अटी पुढें केल्या. आजपर्यंत जे जे स्कॉटलंडमंत्री होऊन गेले व हयात आहेत, मग ते कोणत्याहि पक्षाचे असोत, त्या सर्वांचें एक मंडळ आपण बनवूं, आणि ज्या प्रश्नावर त्या मंडळाचें एकमत होईल त्या प्रश्नांत मुख्य प्रधानांनीं आपल्या पाठीशीं उभें राहावें, ही एक अट. युद्ध चालेल तोंपर्यंत आपण वेतन घेणार नाहीं, ही दुसरी. पहिली अट चर्चिल यांनीं मान्य केली. दुसरीविषयीं, जो घेतच नाहीं त्याचा हात कोण धरणार, असें म्हणून ते मोकळे झाले.

हे गृहस्थ म्हणजे टॉमस जॉन्स्टन; पण सारा स्कॉटलंड त्यांना टॉम जॉन्स्टन याच नांवानें ओळखीत असे. वरील हकीकत त्यांच्या स्वतःच्या आठवणींतली आहे. आठवणी लिहितांना माणूस चांगलीं वाक्यें आपल्या वाट्याला ठेवतो हें गृहीत धरलें, तरी मंडळ स्थापन झालें ही गोष्ट कांहीं खोटी नव्हे. आणि त्या एका अटींत या माणसाचें सारें उत्तरायुष्य सांठविलेलें आहे. ज्यानें उमेदीचीं वर्षें जमीनदार आणि उमराव यांच्यावर लेखणीचे कोरडे ओढण्यांत घालविलीं, त्यानें सत्ता हातीं येतांच त्याच वर्गांतल्या लोकांना आपल्या टेबलाभोंवतीं मानानें बसवून घेतलें. याला तत्त्वच्युति म्हणावयाचें कीं आणखी कांहीं, हा प्रश्न आज मला आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

जॉन्स्टन यांचा जन्म १८८१ सालीं ग्लासगोच्या उत्तरेस असलेल्या कर्किन्टिलॉख या गांवीं झाला. पुढें ते ग्लासगो विद्यापीठांत गेले, पण पदवी घेण्याच्या भानगडींत पडले नाहींत. एका दूरच्या नातलगाकडून त्यांच्याकडे एक छापखाना आला, आणि छापखाना हातीं आलेला तरुण जें करतो तेंच त्यांनीं केलें. १९०६ सालीं त्यांनीं ‘फॉरवर्ड’ नांवाचें साप्ताहिक काढलें. पत्र समाजवादी, परंतु रूक्ष नव्हे. दारूच्या जाहिराती घ्यावयाच्या नाहींत असा त्याचा दंडक होता, आणि अशा दंडकानें वर्तमानपत्राची तिजोरी किती भरते हें सांगावयास नको. तरीहि तें पत्र टिकलें आणि क्लाइड नदीच्या कांठच्या कामगारांचें तें जणूं मुखपत्रच बनलें.

याच पत्रांतील लेखांतून ‘अवर स्कॉट्स नोबल फॅमिलीज’ हें पुस्तक सिद्ध झालें. तें १९०९ सालीं प्रसिद्ध झालें व त्याला रॅम्से मॅक्डोनल्ड यांची प्रस्तावना होती. स्कॉटलंडच्या थोर थोर घराण्यांनीं आपल्या जमिनी कशा मिळविल्या, त्यांत लूट किती, फितुरी किती आणि राजाची मर्जी किती, याचा झडझडीत पंचनामा त्यांत होता. पुस्तक हातोहात खपलें. पुढें स्वतः जॉन्स्टन यांना त्याचा अभिमान वाटेनासा झाला. तें एकांगी होतें, त्यानें उगाच मनें दुखावलीं, असें त्यांनीं उतारवयांत म्हटलें आहे. मला मात्र वाटतें, तें पुस्तक लिहिलें गेलें नसतें तर १९४१ सालच्या जॉन्स्टन यांच्या सौजन्याला फारशी किंमत आली नसती. ज्याला दांत आहेत हें सर्वांना ठाऊक असतें, त्याच्याच हंसण्याचा परिणाम होतो.

‘फॉरवर्ड’चा सर्वांत गाजलेला प्रसंग पहिल्या महायुद्धांतला. १९१५ सालच्या नाताळच्या दिवशीं लॉइड जॉर्ज ग्लासगोला आले. ते त्या वेळीं दारूगोळा खात्याचे मंत्री होते. कारखान्यांत कुशल कारागिरांच्या जागीं अकुशल मजूर व स्त्रिया घेण्यास कामगारांची संमति मिळवावी, म्हणून त्यांनीं सेंट अँड्र्यूज हॉलमध्यें सभा भरविली होती. सुमारें तीन हजार कामगार जमले आणि त्यांनीं त्या जगप्रसिद्ध वक्त्याला धड बोलूंच दिलें नाहीं. वर्तमानपत्रांत सरकारी मसुद्याप्रमाणें गोडगुलाबी वृत्तांत आला. जॉन्स्टन यांनीं मात्र सभेंत काय झालें तें सवालजबाबांसह जसेंच्या तसें छापलें. परिणाम ठरलेलाच होता. अंक जप्त झाले, छापखान्यावर लष्करी अधिकारी आले आणि पत्र सुमारें पांच आठवडे बंद पडलें. पार्लमेंटांत या जप्तीविषयीं प्रश्न निघाले तेव्हां सरकारला समर्थन करतांना बरीच ओढाताण करावी लागली. सरकारची अब्रू त्या अंकानें गेली नव्हती एवढी त्या जप्तीनें गेली.

पत्रकार म्हणून त्यांची कीर्ति झाली खरी. परंतु त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू पाहावयाची असेल तर कर्किन्टिलॉखच्या म्युनिसिपालिटींत डोकावलें पाहिजे. तेथें निवडून आल्यावर जॉन्स्टन यांनीं क्रांतीचीं व्याख्यानें दिलीं नाहींत. त्यांनीं रात्रीचे वर्ग चालविले, सार्वजनिक स्वयंपाकघर काढलें आणि १९२० सालीं म्युनिसिपालिटीची स्वतःची बँक स्थापन केली. गांवच्या लोकांनीं आपली शिल्लक गांवच्या बँकेंत ठेवावी, आणि म्युनिसिपालिटीनें बाहेरच्या सावकाराकडे जाण्याऐवजीं तेथूनच कर्ज घ्यावें, एवढी साधी ती कल्पना. त्याच वर्षीं गांवानें मतदान करून दारूचे गुत्तेहि बंद केले, आणि ते पुढें चाळीसांहून अधिक वर्षें बंद राहिले. मोठमोठ्या सिद्धान्तांपेक्षां अशा लहान संस्थांवर जॉन्स्टन यांचा जीव अधिक जडला होता असें मला वाटतें.

१९२२ सालीं ते वेस्ट स्टर्लिंगशरतर्फे कॉमन्स सभेंत गेले. १९२४ च्या निवडणुकींत ते पडले, परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस डंडी येथील पोटनिवडणुकींत निवडून आले. डंडी हें तागाचें शहर. या शहरामुळें जॉन्स्टन यांचा हिंदुस्थानाशीं संबंध आला, आणि तो आपण मुद्दाम ध्यानांत ठेवावा असा आहे. बंगालचा ताग डंडीला जाऊन तेथें त्याचीं पोतीं विणलीं जात. पण डंडीच्याच यंत्रांनीं आणि डंडीच्याच व्यवस्थापकांच्या देखरेखीखालीं हुगळी नदीच्या कांठीं गिरण्या उभ्या राहिल्या, आणि तेथील स्वस्त मजुरीमुळें डंडीचे मजूर बेकार होऊं लागले. अशा वेळीं कलकत्त्याच्या मालावर जबर जकात बसवा अशी ओरड करणें हा सोपा मार्ग होता. जॉन्स्टन यांनीं तसें केलें नाहीं. डंडीच्या ताग-कामगारांच्या संघाचे चिटणीस जॉन साइम यांना बरोबर घेऊन १९२५ सालीं ते स्वतः कलकत्त्यास आले. गिरण्या पाहिल्या, मजुरांच्या वस्त्या पाहिल्या, मजुरी किती आणि भागीदारांच्या पदरांत पडणारा नफा किती याचा हिशेब मांडला आणि परत जाऊन ‘एक्स्प्लॉयटेशन इन इंडिया’ हा अहवाल प्रसिद्ध केला. डंडीच्या मजुराचा शत्रु कलकत्त्याचा मजूर नसून दोघांना पिळणारा नफा एकच आहे, आणि हिंदी मजुरांचे संघ बळकट होणें यांतच डंडीचेंहि हित आहे, हें त्याचें तात्पर्य. आपल्या मतदारांना न रुचणारें खरें असें दूर प्रवास करून जाऊन आणणारे प्रतिनिधि थोडेच.

१९२९ ते १९३१ या मजूरपक्षीय राजवटींत ते प्रथम स्कॉटलंडचे दुय्यम मंत्री व शेवटचे कांहीं महिने लॉर्ड प्रिव्ही सील होते. बेकारीचा डोंगर वाढत होता आणि तो फोडण्यास हातांत टांचणीहि नव्हती. त्या काळाविषयीं अधिक सांगण्यासारखें फारसें नाहीं. बेकारांच्या भत्त्यांत कपात करण्यावरून १९३१ च्या ऑगस्टमध्यें मंत्रिमंडळ फुटलें, तेव्हां विरोध करणाऱ्यांत जॉन्स्टन होते. पूर्वीं ज्यांनीं त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली होती त्या मॅक्डोनल्ड यांच्याबरोबर ते गेले नाहींत, आणि त्या वर्षाच्या निवडणुकींत पराभूत झाले. चार वर्षांनीं ते पुन्हां पार्लमेंटांत आले. युद्ध सुरू झाल्यावर स्कॉटलंडच्या नागरी संरक्षणाचे कमिशनर म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि तेथून चर्चिल यांच्या त्या मुलाखतीपर्यंत आपण येऊन पोहोंचतों.

येथें स्कॉटलंडमंत्री म्हणजे काय, हें थोडें सांगितलें पाहिजे. १७०७ सालीं स्कॉटलंडचें पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटांत विलीन झालें. परंतु त्या देशाचे कायदे, न्यायालयें, शाळा आणि चर्च हीं निराळींच राहिलीं. या सर्वांचा कारभार लंडनच्या मंत्रिमंडळांतला एक मंत्री पाही. त्याची कचेरी एडिंबरोस, त्याचीं उत्तरें लंडनला, आणि मंत्रिमंडळांत त्याचें आसन टोंकाला. बहुतेकांनीं तें आसन तसेंच उबविलें.

जॉन्स्टन यांच्या नेमणुकीला सव्वा महिना होतो न होतो तोंच, १३ व १४ मार्चच्या रात्रीं, जर्मन विमानांनीं क्लाइडबँक हें गांव भाजून काढलें. तेथील सुमारें बारा हजार घरांपैकीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच घरें धड राहिलीं. अशा हल्ल्यांतील जखमींसाठीं सरकारनें स्कॉटलंडमध्यें सात नवीं इस्पितळें उभारलीं होतीं. पण सुदैवानें भीति वाटली होती तितके हल्ले पुढें झाले नाहींत, आणि खाटा रिकाम्या राहूं लागल्या. खाटा रिकाम्या आहेत, डॉक्टर बसून आहेत आणि दुसरीकडे कारखान्यांतले कामगार उपचारांवांचून झिजत आहेत, हें जॉन्स्टन यांना पाहवेना. त्यांनीं क्लाइडकांठच्या कामगारांना तपासणीसाठीं व उपचारांसाठीं या इस्पितळांत घेण्याची सोय केली, आणि मग हळूहळू इतर इस्पितळांच्या दारांत महिनोन् महिने नंबर लावून बसलेल्या हजारों रोग्यांनाहि तेथें जागा दिली. युद्धानंतर १९४८ सालीं सर्व ब्रिटनमध्यें सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. तिची एक रंगीत तालीम स्कॉटलंडांत अशी गाजावाजा न होतां होऊन गेली होती.

माजी मंत्र्यांचें तें मंडळ ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ या भारदस्त नांवानें ओळखलें जाई. त्यांत हुजूरपक्षाचे होते, उदारमतवादी होते. वॉल्टर एलियट आणि सर आर्चिबाल्ड सिंक्लेअर यांच्यासारखे मातबर लोक होते. जॉन्स्टन यांची कामाची रीत अशी कीं, वाद होणार असे विषय बाजूस ठेवावयाचे आणि एकमत होण्याजोगे विषय आधीं मंडळांत पक्के करून मग मंत्रिमंडळापुढें न्यावयाचे. एकदां सर्व पक्षांचे स्कॉटिश पुढारी एक झाले म्हणजे लंडनला नाहीं म्हणणें अवघड जाई. त्यांतूनहि कोणी कुरकुर केलीच, तर स्कॉटलंडांत राष्ट्रीय चळवळ कशी फोंफावते आहे, आणि दुर्लक्ष केल्यास आयर्लंडसारखा प्रसंग कसा ओढवेल, याचें चित्र ते गंभीर चेहऱ्यानें रंगवीत. त्यांचे सहकारी हर्बर्ट मॉरिसन यांनीं या युक्तीविषयीं पुढें मिस्किलपणें लिहिलें आहे. दक्षिणेकडील कारखान्यांत कामासाठीं स्कॉटिश मुली सक्तीनें पाठविल्या जात, त्याविरुद्ध जॉन्स्टन भांडले. आणि मुली तिकडे नेण्यापेक्षां कारखाने इकडे आणा म्हणून त्यांनीं उद्योगधंद्यांसाठीं एक स्वतंत्र मंडळ उभें केलें.

परंतु त्यांचें नांव ज्या कामानें राहिलें तें विजेचें. स्कॉटलंडचा उत्तरेकडील डोंगराळ मुलूख, ज्याला हायलंड्स म्हणतात, तो पावसानें आणि तळ्यांनीं समृद्ध, पण माणसांनीं ओस. जमीनदारांनीं मेंढ्यांसाठीं कुळें हांकलून लावलेलीं, तरुण पिढ्या परदेशीं गेलेल्या. पाण्यापासून वीज काढावी ही कल्पना जुनीच होती. पण १९३६ पासून लागोपाठ तीन वर्षें अशा एका योजनेचें बिल पार्लमेंटांत आलें आणि तिन्ही वेळां हाणून पाडण्यांत आलें. विरोध करणारे नानाविध. कोणाला सृष्टिसौंदर्याची काळजी, कोणाला सॅमन माशांची शिकार जाईल ही चिंता, कोळशाच्या खाणवाल्यांना आपल्या गिऱ्हाइकांची. जॉन्स्टन यांनीं काय करावें? लॉर्ड कूपर या न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालीं त्यांनीं एक समिति नेमली. कूपर हे एके काळीं विरुद्ध पक्षाच्या सरकारांतले मोठे कायदेपंडित. १९४२ च्या अखेरीस त्यांचा अहवाल आला तो अपेक्षेहून सडेतोड निघाला. पुढच्याच वर्षीं त्याचा कायदा झाला आणि उत्तर स्कॉटलंडचें जलविद्युत् मंडळ अस्तित्वांत आलें. त्याचे पहिले अध्यक्ष अर्ल ऑफ एअर्ली. उमराव घराण्यांचा पंचनामा करणाऱ्या लेखकानें आपल्या सर्वांत लाडक्या संस्थेच्या शिरोभागीं एका अर्लला बसविलें, ही गोष्ट त्याच्या जुन्या वाचकांना खासच खटकली असेल. पण तो कायदा उमरावांच्या सभेंतूनहि जावयाचा होता, हें विसरून चालणार नाहीं.

या कायद्यांत एक कलम होतें, आणि माझ्या मतें जॉन्स्टन यांचें खरें कर्तृत्व तें कलमच होय. वीज बनवावयाची, तिचा मोठा भाग दक्षिणेकडच्या शहरांना व कारखान्यांना विकावयाचा, आणि त्यांतून जो पैसा मिळेल त्यावर दूरदूरच्या खेड्यांत, बेटांवर, एकेकट्या झोंपड्यांत तोट्यानें वीज पोहोंचवावयाची. इतकेंच नव्हे, तर त्या मुलखाची आर्थिक व सामाजिक उन्नति हेंहि मंडळाचें कर्तव्य राहील, असें त्यांत लिहिलें होतें. नफ्यातोट्याच्या हिशेबांत हायलंड्सच्या शेतकऱ्याला कधींच दिवा मिळाला नसता. त्या काळीं सहा शेतांपैकीं एकांत आणि शंभर लहान कुळवाड्यांपैकीं एकींत वीज होती, असा अंदाज आहे. मंडळानें आपल्या मुद्रेवर गेलिक भाषेंत ब्रीद घातलें, त्याचा अर्थ ‘दऱ्याखोऱ्यांचें बळ’.

१९४६ पासून १९५९ पर्यंत जॉन्स्टन स्वतः मंडळाचे अध्यक्ष होते. एडवर्ड मॅकॉल या हुशार इंजिनियरानें आंखलेल्या योजनांची पहिली यादी एकशें दोन नांवांची होती. लॉख स्लॉयचें धरण, तेथून डोंगराच्या पोटांतून काढलेला बोगदा आणि तळाशीं बसविलेलीं चार चक्रें यांचें उद्घाटन १९५० सालीं राणी एलिझाबेथ, म्हणजे सहाव्या जॉर्जच्या पत्नी, यांच्या हस्तें झालें. या कामांवर स्थानिक लोकांबरोबर आयरिश होते, पोलिश होते, पूर्वींचे जर्मन युद्धकैदीहि होते. सेंट फिलन्स येथें १९५५ सालीं एका आठवड्यांत ५५७ फूट बोगदा खणून त्यांनीं जागतिक उच्चांक केला. अशा कामांत माणसेंहि दगावलीं, हें त्या उच्चांकाच्या शेजारींच सांगितलें पाहिजे. पिटलॉख्री या गांवाच्या लोकांनीं तर धरण नको म्हणून केवढें आकांडतांडव केलें! चौकशी झाली, धरण झालें, आणि माशांना वर चढून जातां यावें म्हणून त्याच्या कडेला चौंतीस कुंडांची पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधण्यांत आली. आतां ती वाट पाहावयालाच त्या गांवीं प्रवाशांची रीघ लागते.

मानसन्मान पुष्कळ चालून आले. अॅबर्डीन विद्यापीठाचें कुलपतिपद त्यांनीं स्वीकारलें. लॉर्ड होण्यास मात्र नकार दिला. १९६५ सालीं ते वारले.

आतां आरंभीच्या प्रश्नाकडे वळतों. जॉन्स्टन यांच्यावर सर्वांत मोठा आक्षेप त्यांच्याच देशांतले स्वराज्यवादी घेतात. तरुणपणीं हा मनुष्य स्कॉटलंडला स्वतःचें पार्लमेंट हवें म्हणून झगडला आणि हातांत सत्ता, पाठीशीं सारे पक्ष व कानांत मुख्य प्रधानांचा शब्द असतां त्यानें तो प्रश्न काढलाच नाहीं. याला त्यांचें उत्तर ठरलेलें होतें. ज्या देशांतून माणसें आणि उद्योग निघून चालले आहेत त्याला पार्लमेंट देऊन करावयाचें काय. आधीं कारभार करण्याजोगें कांहीं शिल्लक राहूं द्या. उत्तर खोटें नाहीं, पण अर्धें आहे. एकमतानें चालणाऱ्या मंडळाला एकमत ज्यावर होतें तेंच करतां येतें, आणि जमिनीच्या मालकीचा प्रश्न, म्हणजे ज्यासाठीं त्यांनीं पहिली लेखणी उचलली तोच प्रश्न, त्या यादींत बसणारा नव्हता. डोंगरांतून वीज निघाली. डोंगर ज्याचे होते त्याचेच राहिले. तत्त्वच्युति हा शब्द मी त्यांना लावणार नाहीं, कारण मोबदल्यांत त्यांनीं स्वतःसाठीं कांहींच घेतलें नाहीं, आणि अंधारांत बसलेल्या ज्या घरांत दिवा लागला त्या घराला या वादांत मत विचारलें तर तें काय येईल हें स्पष्ट आहे. तरी सौदा हा सौदाच होता.

जलविद्युत् मंडळाची पुढें कंपनी झाली आणि १९९१ सालीं तिचे भाग बाजारांत विकले गेले. एडिंबरोस स्कॉटलंडचें पार्लमेंट भरलें तें १९९९ सालीं, जॉन्स्टन यांच्या मृत्यूनंतर चौंतीस वर्षांनीं. आणि माजी मंत्र्यांचें तें मंडळ? युद्ध संपलें, जॉन्स्टन कचेरींतून बाहेर पडले, आणि त्यांच्या जागीं आलेल्या मंत्र्यांनीं तें पुन्हां बोलाविलें नाहीं.